कमानीचा बेडूक

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गतवर्षीच्या संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत एक वाक्य छापले होते, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. बक्षीसपात्र मुलांना आपल्याच ज्ञातीच्या कारखान्यात तयार झालेला, किल्ली देताच उड्या मारणारा बेडूक देण्यात येईल, असे ते वाक्य होते. प्रत्यक्षात मुलांच्या हाती पडल्या त्या वह्या आणि पेन्सिली. 'काही अपरिहार्य कारणामुळे' एवढेच सांगून चिटणीसांनी आमची लाज राखली. परंतु मुले अपरिहार्य कारणे मानीत नाहीत. समारंभ आटोपल्यावर एका बालमित्राने आम्हांस मांडवाच्या दाराशी गाठून विचारले, "आजोबा, बेडूक कुठे गेला?" तो प्रश्न आम्ही वर्षभर मनात वागवीत आहोत. यंदा कार्यकारी मंडळाने भाषणाची आज्ञा केली, तेव्हा इतर थोर विषय बाजूस ठेवून त्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे असे आम्ही ठरविले.

खेळण्याचा विषय काहींना क्षुल्लक वाटेल. पण आपल्या तांबट ज्ञातीला तो परका नाही. पेशवाईत कोकणातून पुण्यास आलेल्या आपल्या पूर्वजांनी कसब्यात हंडे, घागरी, बंब आणि पराती ठोकल्या. त्याच हातांनी तांब्यापितळेची भातुकलीही घडविली. बोटभर उंचीच्या घागरीलाही मोठ्या घागरीइतकाच डौल दिला. यांत्रिक खेळण्यांची कल्पनाही आपल्या देशात जुनी आहे. कथासरित्सागरात मयासुराची कन्या सोमप्रभा आपली सखी कलिंगसेना हिच्याकडे लाकडी यंत्रपुतळ्यांची करंडी घेऊन येते. खिळी दाबताच एक पुतळी आकाशमार्गे जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचू लागते. अकराव्या शतकातील भोजराजाच्या नावे असलेल्या समरांगणसूत्रधार या ग्रंथातही यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे.

परंतु ज्या कमानीच्या बळावर आमचा बेडूक उडतो, ती आमच्याकडे आली घड्याळजींच्या हातून. जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरात पेटर हेनलाइन नावाचा कारागीर सोळाव्या शतकाच्या आरंभी कमानीवर चालणारी, अंगावर बाळगता येतील अशी घड्याळे करण्याबद्दल प्रसिद्ध होता. पुढे १६७८ साली इंग्लंडात रॉबर्ट हूक याने कमानीचा नियम ग्रंथरूपाने सांगितला: जितका ताण, तितका जोर. १७७३ साली लंडनमध्ये एक चांदीचा हंस लोकांसमोर आला. तो मान वळवतो, पिसे साफ करतो आणि चोचीत मासा धरतो. आज तो उत्तर इंग्लंडातील बोज संग्रहालयात आहे. असा हंस राजेरजवाड्यांसाठी होता. सामान्य घरातील मुलाला किल्लीचा प्राणी मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, न्यूरेंबर्गच्या कारखान्यांनी डब्याचा पत्रा ठशात दाबून स्वस्त खेळणी काढली तेव्हा. म्हणजे हे काम अखेर पत्र्याच्या कारागिराकडेच आले, आणि आम्हांस त्याचा मोह पडला तो यामुळेच.

कमान म्हणजे काय, हे बालमित्रांना समजेल अशा रीतीने सांगतो. किल्लीच्या खेळण्याला स्वतःचे बळ नसते. मूल किल्ली पिळते तेव्हा त्याच्या मनगटातील शक्ती पोलादी पट्टीत जाऊन बसते, आणि किल्ली सोडली की तीच शक्ती बेडकाच्या पायांतून बाहेर पडते. बँकेत जसे ठेवलेलेच पैसे परत मिळतात, तसाच हा व्यवहार आहे. मात्र चाकांच्या घर्षणाची वर्तणावळ त्यातून कापली जाते.

आमच्या बेडकाचे वजन ६० ग्रॅम. त्याने ३ सेंटिमीटर उंच उडी मारावी, आणि एका किल्लीत अशा २० उड्या व्हाव्यात, असा आम्ही संकल्प केला. हिशेब केला असता या साऱ्या उड्यांचे श्रम एक किलोचे वजन साडेतीन सेंटिमीटरांहून किंचित अधिक उचलण्याइतकेच भरतात. घर्षणाची तूट धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट शक्ती कमानीत भरावी लागली, तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते ओझे नाही. तेव्हा शक्तीची अडचण नव्हती. अडचण होती ती कोणत्या क्षणी आणि कोणत्या मापाने सोडावी याची.

पहिल्या बेडकाच्या वेळी आम्ही सरळ मार्ग धरला. कमानीची डबी, तिला जोडलेले दातेरी चाक, त्यावरून फिरणारे लहान चाक, आणि त्या लहान चाकाच्या कडेस बसविलेली खुंटी थेट मागच्या पायांना जोडलेली. किल्ली दिली. बेडूक उडण्याऐवजी थंडी भरल्यासारखा थरथरत फरशीवरून सरकू लागला. आमची नात त्या वेळी सहा वर्षांची होती. तिने निदान केले, "आजोबा, ह्याला ताप आला आहे."

निदान अगदी बरोबर होते. पुढे पहिल्या पावसानंतर आम्ही परसात खऱ्या बेडकापुढे अर्धा तास बसून राहिलो. शेजाऱ्यांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल तो असो. बेडूक पुष्कळ वेळ काहीच करीत नाही. पाय पोटाशी घेऊन तो निश्चल बसतो आणि मग एका निमिषात झेप घेतो. आमच्या यंत्रात तो विलंबच नव्हता. म्हणून दुसऱ्या बेडकात आम्ही एक शंखाकृती चकती घातली. तिची कड हळूहळू चढत जाते आणि अखेरीस एकाएकी तुटते, जणू घाट चढून गेल्यावर समोर कडाच यावा. तिच्या कडेवर एक तरफ टेकलेली असते. चकती सावकाश फिरते तशी तरफ चढते, पाय पोटाशी ओढले जातात आणि पायांमागची दुसरी, वेटोळ्याची कमान ताणली जाते. कडा आला की तरफ खाली पडते, पाय झटक्याने सुटतात आणि बेडूक उडतो. मोठी कमान धीमेपणाने देते, लहान कमान एकदम देते. दोघींनी मिळून बेडूक होतो. किल्लीच्या ५ वेढ्यांत चकतीचे २० फेरे होतात, म्हणून उड्याही २०. चकतीने घाई करू नये यासाठी चाकांच्या शेवटी नखाएवढा पंखा बसविला. तो जितक्या वेगाने फिरू पाहतो तितका हवेचा अडथळा वाढतो, आणि साऱ्या यंत्राला आपोआप लगाम बसतो.

हा बेडूक उडाला खरा, पण दर वेळी नाकावर आपटला. पायांचा रेटा भाराच्या मध्यबिंदूच्या मागे लागत होता. जुन्या पद्धतीने शेपटाकडे शिशाची एक गोळी बसविली असती तर पाच मिनिटांत काम झाले असते. परंतु शिसे मुलांच्या शरीरास, विशेषतः त्यांच्या मेंदूस घातक आहे हे आज निर्विवाद ठरले आहे. म्हणून गोळीचा मोह टाळून आम्ही कमानीची डबीच मागे सरकविली आणि पावले पुढे लांबविली. त्याच कारणाने आपला पिढीजात डाखही वर्ज्य करावा लागला, कारण आपल्या डाखात कथलाबरोबर शिसे असते. तेव्हा वरची कवची आणि खालचा पत्रा जोडण्यास आम्ही खेळणीवाल्यांची रीत घेतली: एका पत्र्याला लहान लहान जिभा ठेवावयाच्या, दुसऱ्याला चिरा पाडावयाच्या, आणि जिभा चिरांतून काढून दुमडावयाच्या. ही रीत स्वस्त आणि जलद आहे. पुढे जे घडले ते या जिभांमुळेच घडले.

तत्पूर्वी कमानीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण येथे आमचा जातिवंत अभिमान पुरता उतरला. तांबे तापवून पाण्यात बुडविले की ते मऊ होते, हे आपल्याला पाळण्यातच कळते. पोलादाचे नेमके उलट आहे. लाल तापवून बुडविले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग ते घासून लख्ख करून पुन्हा हलक्या आचेवर धरावे लागते. अंगावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असे रंग चढत जातात; सुमारे ३०० अंशांवर निळा रंग आला की थांबावयाचे. त्या निळ्या रंगात पोलाद वाकूनही पूर्ववत होते. आम्ही पहिल्या सहा पट्ट्या मोडल्या आणि मग तयार निळी पट्टी बाजारातून आणली. तीही चुकीची आणली. दोन दशांश मिलिमीटर जाडीची हवी होती, ती मिळाली नाही म्हणून पाव मिलिमीटरची घेतली. इतक्याशा फरकाने काय होणार, असे आम्हांस वाटले. परंतु अशा पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्या केसाएवढ्या फरकाने कमान जवळजवळ दुप्पट ताठ झाली. आमच्या हातांना काही जाणवले नाही. नातीला मात्र किल्ली हलेना. खेळणे करणाऱ्याने जोर जोखावा तो मुलाच्या बोटांनी, हा धडा आम्ही तेथे शिकलो. दुर्दैवाने तो अर्धाच शिकलो.

गतवर्षी संमेलनास सहा दिवस उरले होते. ४० बेडूक हिरव्या रंगात न्हाऊन कारखान्याच्या फळीवर ओळीने बसले होते. नातीने त्यांपैकी एक माजघरात नेला. खेळता खेळता तो तिच्या हातून शहाबादी फरशीवर पडला. तिने तो उचलला आणि ती किंचाळली. पडल्यामुळे पोटाखालची एक जीभ उचकटून उभी राहिली होती आणि तिच्या कडेने मुलीची तर्जनी चिरली होती. डॉक्टरांनी दोन टाके घातले.

त्या रात्री कारखान्यात आमचे चिरंजीव आणि आम्ही समोरासमोर बसलो. चिरंजीव अभियंता आहेत, बाहेर नोकरी करतात, आणि त्या आठवड्यात रजा घेऊन आमच्या मदतीस आले होते. ते म्हणाले, "अण्णा, सगळ्या जिभा कानशीने घासून बोथट करू. रात्रभर बसलो तर उद्या दुपारपर्यंत होईल. पत्रिकेत छापले आहे, आता माघार घेतली तर चारचौघांत काय दिसेल?" त्यांचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. आम्ही आठ बेडकांच्या जिभा घासल्या आणि मग ते कमरेच्या उंचीवरून एकेक करून फरशीवर टाकले. तिघांच्या जिभा उचकटल्या. घासलेल्या होत्या तरी पत्रा पातळ तो पातळच. उभा राहिला की कापणारच. बेडूक मुलाच्या हातून पडणार नाही, असे कोणता बाप छातीवर हात ठेवून सांगेल?

चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच पकड उचलली. पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी ४० बेडूक सोडविले. कमानी, चाके आणि चकत्या वेगळ्या काढून ठेवल्या आणि ८० कवच्या मोडीत घातल्या. सकाळी चिटणीसांच्या घरी जाऊन आम्ही सारे सांगितले. ते रागावले नाहीत. वह्यांची दुकाने किती वाजता उघडतात, एवढेच त्यांनी विचारले. बालमित्रा, तुझा बेडूक गेला तो असा.

आता पुढचे ऐकावे. पुष्कळ दिवस आम्ही फळीकडे पाहिलेही नाही. एके दिवशी आमचे कुटुंब मोरीवर घागर घासीत होते. आम्ही जवळच बसून पुन्हा त्या जिभांचे रडगाणे गात होतो. हातातले काम न थांबविता ती म्हणाली, "अहो, चाळीस वर्षे ही घागर मी काठाला धरून उचलते आहे. काठाने माझा हात कधी कापला नाही. ही घडविणाऱ्याने काय केले होते?"

काय केले होते ते आपल्या ज्ञातीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याने कड वळविली होती. पत्रा जेथे संपतो तेथे त्याला उघडा सोडावयाचा नाही, त्याला आतल्या आत दुमडून गोल काठ करावयाचा, हे आपल्या हस्तकौशल्याचे मूलाक्षर आहे. आपल्या पूर्वजांना अपघातशास्त्र ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या बाईचा हात ठाऊक होता. आणि आम्ही, त्यांचे वंशज, परक्या खेळण्याचे अनुकरण करण्याच्या भरात आपले मूलाक्षर विसरलो होतो. हे कबूल करताना आम्हांस आजही संकोच होतो.

त्याच आठवड्यात नवे ठसे करावयास घेतले. आता वरची कवची खालच्या पत्र्यावर उतरते, आणि दोन्ही पत्र्यांच्या कडा एकमेकींत गुंतवून घागरीच्या काठासारख्या वळविल्या जातात. जीभ नाही, चीर नाही, डाखही नाही. बेडकाच्या कमरेभोवती जी गोल कड आपल्याला दिसेल, तीच ती. याने प्रत्येक बेडकामागे वेळ सुमारे दुप्पट लागतो. तो लागू द्यावा असे आम्ही ठरविले.

मग बाकीच्या गोष्टीही त्याच नजरेने पाहिल्या. किल्ली सुटी असती तर हरवली असती किंवा धाकट्या भावंडाच्या तोंडात गेली असती, म्हणून ती अंगाशीच पक्की केली. पण पक्की किल्ली यंत्राबरोबर उलटी फिरते आणि तिच्या भोकात बोट अडकू शकते. म्हणून तिला भोकच ठेवले नाही, भरीव गोल चकती केली. कमान बंद डबीत ठेवली, जेणेकरून बेडूक फुटला तरी ती उसळून बाहेर येणार नाही. पायांच्या सांध्यात मुलाचे बोट चिमटू नये एवढी मोकळीक ठेवली. सारे झाल्यावर १२ बेडूक पुन्हा त्याच फरशीवर टाकले. रंग उडाला, दोघांचे डोळे पोचले. कड एकाचीही उघडली नाही.

येथे धंदा करू इच्छिणाऱ्या बांधवांसाठी कायद्याची माहिती देणे उचित होईल. केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्या आदेशाने खेळण्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले. त्यासाठी आयएस ९८७३ हे मानक आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, कारण तो मुलाच्या घशात अडकू शकतो. रंगातून विरघळून निघणाऱ्या शिशाची मर्यादा दर किलोग्रॅमला ९० मिलिग्रॅम ठरविली आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः घडवून विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट दिलेली आहे. आमची तशी नोंदणी आहे. सूट मिळाली हे चांगलेच झाले, नाहीतर लहान कारागिरांचा चरितार्थ बुडाला असता. परंतु सरकारने दिलेली सूट ही कागदाची सूट आहे. मुलाच्या बोटाला सूट नसते. ज्याला कोणी तपासावयास येणार नाही, त्याने स्वतःस दुप्पट तपासावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

आपल्या संमेलनांत नेहमी ऐकू येते की, तरुण मंडळी धंद्याकडे पाठ फिरवितात, हातोडी ऐरणीवर गंजत पडते. त्यात तथ्य आहे. आमचे चिरंजीवही नोकरीवर परत गेले, आणि त्यांनी राहावे असा आग्रह आम्ही धरला नाही. परंतु त्या एका रात्रीत त्यांनी जे पाहिले ते त्यांच्याबरोबर गेले आहे. परवा पत्राने त्यांनी कळविले की, त्यांच्या कामावर एक पत्र्याचा भाग घाईने पुढे जात होता, तो त्यांनी कड तपासण्यासाठी थांबविला. हे वाचून आम्हांस जे समाधान झाले ते शब्दांत सांगता येत नाही. धंदा कदाचित मुलांबरोबर जाणार नाही. धंद्याची नीती जाऊ शकते.

या दृष्टीने मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. बेडकाचे ठसे आणि रेखाटने आम्ही मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. आपल्या ज्ञातीतील असो वा बाहेरील, ज्या कारागिराला ती हवी असतील त्याला ती विनामूल्य द्यावीत. अट एकच: कड वळविल्यावाचून बेडूक करू नये. तसेच दर रविवारी सकाळी आमचा कारखाना आठ वर्षांवरील मुलांमुलींसाठी उघडा राहील. त्यांनी यावे, चकती कानशीने घासावी, किल्ली द्यावी आणि बेडूक का उडत नाही याचा शोध घ्यावा. मुलींनाही पाठवावे, हे मुद्दाम सांगतो. आमच्या बेडकाचा ताप ओळखला तो एका मुलीने, आणि औषध सांगितले ते तिच्या आजीने.

आता भाषण पुरे करतो, कारण पुढच्या सतरंजीवरील सभासदांचे लक्ष केव्हापासून या टेबलावरील खोक्याकडे लागले आहे. खोक्यात ४० बेडूक आहेत. गतवर्षी ज्यांना वह्या मिळाल्या त्यांची यादी चिटणीसांनी जपून ठेवली आहे. पहिला मान त्यांचा. यंदाच्या विजेत्यांचे बेडूक दिवाळीपर्यंत घरपोच होतील, आणि या वेळी ते वाक्य पत्रिकेत छापलेले नाही, आम्ही आपल्या तोंडाने आपल्यासमोर बोलत आहोत. बालमित्रांनो, किल्ली पाच वेढेच द्या. खेळताना काही खुपले, टोचले वा चिमटले तर बेडूक घेऊन थेट आमच्याकडे या. आम्ही रागावणार नाही. उलट तुमचे आभार मानू.